यादी आणि कावळा

'बकेट लिस्ट' हा शब्द आता मराठीच झाला आहे. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या बाकावर तो सर्रास ऐकू येतो. पन्नाशी आली, साठी आली, की माणसाने मरण्यापूर्वी करायच्या गोष्टींची एक यादी करावी आणि एकेकीवर काट मारीत जावे, असा हा नवा कुळाचार आहे. शब्दाची जन्मकथा मात्र फारशी मंगल नाही. इंग्रजी बोलीत मरण्याला 'बादलीला लाथ मारणे' म्हणतात. १७८५ साली लंडनमध्ये निघालेल्या फ्रान्सिस ग्रोसच्या ग्राम्य शब्दांच्या कोशात हा प्रयोग नोंदलेला आहे. त्या बादलीवरून यादीला नाव पडले आणि २००७ सालच्या एका अमेरिकन चित्रपटाने ते जगभर नेले. म्हणजे आपण जिला हौस समजतो तिच्या बुडाशी मरण बसलेले आहे. दिवाळीच्या अंकात त्याची आठवण कशाला, असे कोणी म्हणेल. पण धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमाचा दिवा लावल्यावरच आपली दिवाळी सुरू होते, तेव्हा वाचक एवढे चालवून घेतील.

हा विषय मला सुचण्याचे कारण अगदी घरगुती आहे. यंदा मार्गशीर्षात मला साठ वर्षे पूर्ण होतील. पूर्वी साठीला शांत करीत, ब्राह्मणभोजन होई, आणि सत्कारमूर्ती दिवसभर पाटावर बसून कंटाळून जाई. आमच्या मुलीने शांतीऐवजी यादीचा आग्रह धरला. "बाबा, साठ वर्षांच्या साठ गोष्टी लिहा," असा तिचा हुकूम. मी चौदापर्यंत पोचलो आणि थांबलो. हंपी पाहून झाली. रज्जुमार्ग टाळून रायगड पायी चढून झाला. गुडघ्यांनी त्याचा निषेध पुढे आठवडाभर नोंदवला. त्यांची वर्णने मी करणार नाही, कारण प्रवासवर्णने लिहिणारे याच अंकात माझ्याहून समर्थ असतील. पण चौदांपैकी काही कलमे माझ्या धंद्यातली होती: जे चित्रपट पुन्हा नीट पाहायचे राहिले ते पाहणे, कठोपनिषद अर्थासह वाचणे, भवभूती पुन्हा काढणे. ही कलमे मी उन्हाळ्यात हातावेगळी केली. करता करता एक गोष्ट ध्यानात आली, की मी जे वाचत आणि पाहत होतो त्यात ठिकठिकाणी अशाच याद्या होत्या. मग समीक्षकाची खोड उफाळून आली. गोष्टीत इच्छांची यादी आली की गोष्टीचे काय होते, हे पाहावेसे वाटले.

आधी तो अमेरिकन चित्रपट. रॉब रायनर यांच्या या चित्रपटाचे नावच 'द बकेट लिस्ट'. दोन म्हातारे आहेत. एक मोटारी दुरुस्त करणारा कारागीर कार्टर, दुसरा इस्पितळांचा धनाढ्य मालक एडवर्ड कोल. मॉर्गन फ्रीमन आणि जॅक निकल्सन यांनी ही कामे केली आहेत, आणि अर्धा चित्रपट त्यांच्या आवाजांवर तरून जातो. कोलच्या इस्पितळात एका खोलीत दोन खाटा असा नियम आहे, तो नियम त्यानेच केलेला आहे, आणि कर्करोग झाल्यावर तो स्वतःच त्यात सापडतो. ही सुरुवात झकास आहे. कार्टर पिवळ्या कागदावर यादी लिहू लागतो. आपल्याला वर्षदेखील उरलेले नाही हे कळताच तो कागद चुरगळून फेकतो. तो चुरगळा कोल उचलतो आणि त्यात आपली कलमे घालतो.

इथून पुढे चित्रपटाला प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकाची कळा येते. विमानातून उडी, शर्यतीची मोटार, आफ्रिकेतले वन्य प्राणी, पिरॅमिड, चीनची भिंत, आपला ताजमहाल. प्रत्येक कलमाला उत्तर एकच: कोलचे पाकीट. ज्या इच्छेच्या आड काही येत नाही त्या इच्छेतून कथा निघत नाही, फक्त देखावे निघतात. पण याच यादीत तीन कलमे अशी आहेत की जिथे पाकीट लंगडे पडते. 'डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणे' हे एक. कोल ज्या महाग कॉफीचा तोरा मिरवतो ती इंडोनेशियातल्या उदमांजराच्या पोटातून बाहेर पडलेल्या बियांची आहे हे कार्टर त्याच्या ध्यानात आणून देतो, आणि मरणाच्या दारात दोघे पोट धरून हसतात. 'जगातल्या सर्वांत सुंदर मुलीचा पापा घेणे' हे दुसरे. दुरावलेल्या लेकीच्या घरी गेल्यावर कोलला आपली नात प्रथम दिसते, आणि त्या कलमावर काट बसते. तिसरे कलम, काही भव्य पाहण्याचे. दोघेही गेल्यावर कोलचा चिटणीस त्यांच्या अस्थी कॉफीच्या डब्यांतून हिमशिखरावर नेतो आणि ती काट मारतो. यादीतली शेवटची काट दोन नायकांपैकी कोणीच मारलेली नाही. चित्रपटाला हे हाती लागले होते. पण त्याने त्याचा शेवटी अलंकार म्हणून उपयोग केला, पाया म्हणून केला नाही.

हाच पाया मराठीत सापडला, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. २०१८ साली तेजस देऊस्कर यांचा 'बकेट लिस्ट' आला. माधुरी दीक्षित यांचा हा पहिला मराठी चित्रपट, आणि त्याची चर्चा बहुतेक तेवढ्यावरच झाली. कल्पना काय आहे पाहा. मधुरा साने ही सुखवस्तू घरातली गृहिणी. सासू-सासरे, नवरा, मुले यांच्या वेळापत्रकात स्वतःला पुरते विसरलेली. तिला हृदय बदलून घ्यावे लागते, आणि ते मिळते अपघातात गेलेल्या सई नावाच्या तरुण मुलीचे. एकविसावा वाढदिवस येण्यापूर्वी करायच्या गोष्टींची सईची एक यादी असते. ती यादी मधुरा पुरी करायला घेते. मुलगी गेली, यादी उरली, आणि वाढदिवसापर्यंतचे दिवस आता दुसऱ्याच बाईला मोजायचे आहेत! अमेरिकन लेखकाला ज्या जागी चित्रपटाच्या शेवटी पोचता आले त्या जागी मराठी लेखकाने सुरुवात केली आहे.

आणि ही कल्पना वाटते तितकी परकी किंवा नवी नाही. आपल्याकडे माणसाला समारंभाने 'तुला काय हवे' म्हणून विचारण्याचा एकच प्रसंग आहे, तो डोहाळजेवणाचा. डोहाळे हा शब्द संस्कृतातल्या 'दोहद'वरून आला, आणि सुश्रुताने गर्भिणीला दोन हृदयांची स्त्री म्हटले आहे. तिच्या इच्छा एकट्या तिच्या नव्हेत, त्या पोटातल्या दुसऱ्या हृदयाच्याही आहेत, म्हणून त्या मोडू नयेत. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त पहिल्या अंकात सीता वनवासाची चित्रे पाहते आणि तिला पुन्हा त्या अरण्यांत हिंडावे, भागीरथीत स्नान करावे असे डोहाळे होतात. राम आनंदाने रथ सज्ज करायला सांगतो. मग दुर्मुख लोकापवादाची वार्ता घेऊन येतो, आणि इच्छापूर्तीसाठी मागवलेला तोच रथ तिला टाकून येण्याच्या कामी येतो. इच्छा पुरवण्याइतके क्रूर कृत्य नाही, असे वाटायला लावणारा हा अंक आहे. मधुराच्या छातीत शब्दशः दुसऱ्याचे हृदय आहे. तिचे डोहाळे त्या हृदयाचे. केवढा मोठा विषय दिग्दर्शकाच्या ओंजळीत आपसूक पडला होता!

मग चित्रपटाने काय केले? मधुरेला मोटारसायकलवर बसवले. मौजेचे प्रसंग एकामागून एक रांगेने उभे केले. कुटुंबाने आधी भुवया उंचावल्या, पुढे टाळ्या वाजवल्या. माधुरी दीक्षित यांचे हसणे अजूनही अंधाऱ्या थिएटरात दिवा लावते, आणि ज्यांनी ही संध्याकाळ मुलाबाळांसह घालवली त्यांचे पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण सईची यादी हळूहळू मधुरेच्या मोकळे होण्याचे साधन बनते, आणि सई मागे पडते. गेलेल्या मुलीने जे मागितले ते तिच्यासाठी करायचे, की तिच्या निमित्ताने आपण करून घ्यायचे? हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. ज्या आईबापांच्या घरात ती खोली रिकामी पडली आहे त्यांच्या दाराशी कॅमेरा आणखी थोडा वेळ थांबता, तर तो प्रश्न आपोआप पुढे आला असता. विचारला असता तर चित्रपट कदाचित कमी चालला असता. पण राहिला असता.

हा प्रश्न मराठी माणसाला सुचू नये याचे मला नवल वाटते, कारण दहाव्या दिवशी नदीकाठी आपण तोच विचारीत असतो. पिंड मांडला जातो. कावळे झाडावर असतात, पण शिवत नाहीत. मग आप्तांची धांदल उडते. गेलेल्याचे काय मनात राहिले असेल? एकेक जण पुढे येऊन हात जोडतो. "धाकटीचे लग्न मी करून देईन." "भावाभावांत वाटणीवरून भांडण होऊ देणार नाही." "आईला अंतर देणार नाही." गेलेल्याची यादी इतरांनी अंदाजाने वाचायची आणि जामीन राहायचे, असा हा विधी आहे. त्यावर माझा विश्वास आहे की नाही हा मुद्दा निराळा. कावळ्याच्या भुकेच्या वेळा आणि घाटावरची गर्दी यांचा संबंध मलाही कळतो. पण नाट्य म्हणून पाहिले तर या विधीसारखा नेमका प्रसंग मला दुसरा ठाऊक नाही. "तुमचे काश्मीर पाहायचे राहिले होते, आम्ही पाहून येऊ," असे घाटावर म्हणताना मी अजून कोणाला ऐकले नाही.

माझ्या वडिलांच्या वेळी कावळा बराच वेळ अडला होता. काकांनी सांगून पाहिले, मी सांगून पाहिले. घरादाराची, आईची, बहिणीच्या मुलांच्या शिक्षणाची, सगळी आश्वासने देऊन झाली. शेवटी माझी आत्या पुढे झाली आणि म्हणाली, "दादा, वाचनालयाची तीन पुस्तके कपाटात आहेत, ती उद्या परत करते." कावळा आला. त्या दुःखातही आम्ही सगळे हसलो, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तके खरोखरच परत गेली. माझ्या वडिलांना ओळखणाऱ्यांपैकी कोणालाही त्या कलमाचे आश्चर्य वाटले नाही.

कठोपनिषदात तर यादी खुद्द मरणाच्या दारातच मागितली जाते. बाप रागाच्या भरात "तुला मृत्यूला देतो" म्हणतो, आणि नचिकेता यमाच्या घरी जातो. यम घरी नाही; पोरगा तीन रात्री उपाशी थांबतो. पाहुणा उपाशी राहिला याची भरपाई म्हणून यम तीन वर देतो. तिसऱ्या वरावर टीकाकारांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, आणि ते योग्यच आहे. मेल्यानंतर माणूस असतो की नसतो, हा तो प्रश्न. तो टाळण्यासाठी यम मुलापुढे दुसरीच एक यादी ठेवतो: शंभर वर्षे जगणारे मुलगे-नातू, हत्ती, घोडे, सोने, रथांत बसलेल्या वाद्ये वाजवणाऱ्या सुंदरी, हवे तितके आयुष्य. आजच्या कोणत्याही प्रवासी कंपनीला लाजवील अशी ही यादी आहे, आणि मुलगा ती मागे सारतो. पण यंदा वाचताना माझे लक्ष पहिल्या वरावर खिळले. तो मागतो, की माझ्या वडिलांचा राग जावो, त्यांचे मन शांत होवो, आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून आनंदाने जवळ घ्यावे. ज्या बापाने मरणाला देऊन टाकले त्याच्या झोपेची काळजी या यादीत पहिली आहे. अग्निविद्या दुसरी आली, आणि ब्रह्मज्ञान सगळ्यांच्या शेवटी. विसाव्या वर्षी मी हा वर प्रस्तावना समजून ओलांडून गेलो होतो. साठाव्या वर्षी तो मला ओलांडता येईना.

आता अकिरा कुरोसावांचा 'इकिरू'. शब्दाचा अर्थ 'जगणे'. हा १९५२ सालचा जपानी चित्रपट माझ्या यादीत तिसरा होता, आणि तो मी मुलीबरोबर पाहिला. वातानाबे हा नगरपालिकेतला एक विभागप्रमुख. जवळजवळ तीस वर्षे त्याने कागदांवर शिक्के मारले आहेत. पोटात कर्करोग आहे हे त्याला डॉक्टर सांगत नाहीत. प्रतीक्षागृहात शेजारी बसलेला एक बोलघेवडा रोगीच, डॉक्टर अशा वेळी काय काय खोटे बोलतात, ते आधी ऐकवून ठेवतो. पुढे डॉक्टर शब्दशः तेच बोलतो, आणि वातानाबेच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरते. ताकाशी शिमुरा या नटाचे डोळे त्या क्षणी जे करतात त्यासाठी शब्द शोधण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

मग तो प्रथम तेच करतो जे आपण सगळे करू. एका लेखकाच्या सोबतीने एक रात्र शहरातले सगळे विलास उपभोगायला निघतो. जुगार, दारू, नाच. ही त्याची 'बादली'ची रात्र, आणि कुरोसावांनी ती इतकी कर्कश घेतली आहे की पाहणाराच थकतो. नंतर तो कचेरीतल्या एका हसऱ्या तरुण मुलीच्या मागे लागतो. तुला एवढे जगता कसे येते, हे त्याला तिच्याकडून जाणून घ्यायचे असते. तिने कचेरी सोडून खेळण्यांच्या कारखान्यात काम धरले आहे. ती उपाहारगृहाच्या टेबलावर किल्लीचा ससा ठेवते आणि सांगते, हे बनवताना वाटते की जपानातल्या सगळ्या बाळांशी माझी मैत्री आहे. तुम्हीही काहीतरी बनवा. तो ससा घट्ट धरून जिना उतरू लागतो. त्याच वेळी पलीकडच्या मेजवानीतली पोरे कठड्याशी जमून वाढदिवसाचे गाणे म्हणू लागतात. गाणे त्याच्यासाठी नाही. खालून वर येणाऱ्या एका मैत्रिणीसाठी ते चालले आहे; तो उतरतो, ती चढते. वाढदिवस कशाला म्हणतात हे मला इतक्या स्पष्टपणे कोणत्याही चित्रपटाने सांगितलेले नाही. इथे माझी मुलगी, जिने माझ्या वाढदिवसासाठी साठ कलमे मागितली होती, काही बोलली नाही.

वातानाबेच्या यादीत एकच कलम उरते, तेही त्याचे स्वतःचे नव्हे. एका वस्तीतल्या बायका आपल्या अंगणाशी साचणारे घाण पाणी बुजवून तिथे मुलांना खेळायला जागा करून द्या, असा अर्ज घेऊन कचेरीत आल्या होत्या, आणि या खिडकीवरून त्या खिडकीवर अशा टोलवल्या गेल्या होत्या. पहिली खिडकी त्याच्याच विभागाची. तो अर्ज तो ढिगातून उपसून काढतो. आणि इथे, चित्रपट जवळजवळ तिसरा हिस्सा उरलेला असताना, निवेदक सांगतो की नायक मेला!

"मग आता काय दाखवणार?" मुलीने विचारले. दहावा दिवस, मी म्हणालो.

खरोखर तसेच आहे. तसबिरीपुढे कचेरीतली मंडळी पीत बसली आहेत. उपमहापौर बागेचे श्रेय स्वतःकडे घेतो. मग त्या वस्तीतल्या बायका येतात, तसबिरीपुढे रडतात, एक शब्द न बोलता जातात. आणि खोलीतल्या पुरुषांना कुठे पाहावे कळत नाही. हा माणूस शेवटी असा का वागला, त्याला आपला रोग ठाऊक होता का, याचे अंदाज सुरू होतात. एकेकाला एकेक प्रसंग आठवतो, आणि प्रत्येक आठवणीबरोबर वातानाबे क्षणभर पडद्यावर येतो: कुणापुढे वाकताना, गुंडांच्या धमकीला नुसते हसून पाहताना. शेवटी एक पोलीस येतो आणि सांगतो, की त्या रात्री बर्फ पडत असताना मी त्यांना बागेतल्या झोपाळ्यावर गाणे म्हणत बसलेले पाहिले. पोटच्या मुलालाही बापाची ती रात्र परक्याकडून कळते. कावळा कशाने शिवेल याचा हा जपानी शोध आहे, आणि एरवी ज्या संस्कृतीचा मला गंध नाही तिच्यातला हा प्रसंग मला अगदी आमच्या घाटावरचा वाटला. मंडळी दारूच्या भरात शपथा घेतात, आता आपणही असेच काम करू. दुसऱ्या दिवशी कचेरीत नवा अर्ज येतो आणि नवा प्रमुख तो दुसऱ्या खिडकीकडे पाठवतो. एक कारकून ताडकन उभा राहतो, सगळे त्याच्याकडे पाहतात, आणि तो हळूहळू कागदांच्या ढिगामागे खाली बसतो. घाटावर दिलेल्या शब्दांचे पुढे काय होते हेही कुरोसावांनी झाकून ठेवलेले नाही. याच कथेवरून २०२२ साली काझुओ इशिगुरो यांच्या पटकथेवर 'लिव्हिंग' हा इंग्रजी चित्रपट निघाला. तो नीटनेटका आणि सभ्य आहे. बिल नाय यांचे काम पाहण्यासारखे आहे. पण मूळ चित्रपटातली ती पिऊन बरळणारी, लांबत जाणारी, अवघडलेली बैठक त्यात आवरती घेतली आहे, आणि माझ्या मते तिथेच त्याचे बळ गेले.

हे सगळे वाचून-पाहून झाल्यावर मी आईकडे गेलो. तिचे सहस्रचंद्रदर्शन तीन वर्षांपूर्वी झाले. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस धरले तर हजार पौर्णिमांना एक्याऐंशी वर्षांना थोडी कमी इतकी वर्षे लागतात. माणसाने काय काय केले याची मोजदाद न करता त्याच्या डोक्यावरून किती चंद्र गेले एवढेच मोजणारा हा समारंभ मला पूर्वी निष्क्रिय वाटे. हल्ली तो बरा वाटू लागला आहे. मी आईला विचारले, तुझे काय करायचे राहिले आहे? ती वाती वळीत होती. म्हणाली, "तुझी साठी बघायची होती. आणि त्या गोदरेजच्या कपाटाची किल्ली कुठे गेली ते कोणीतरी एकदाचे शोधा."

माझी यादी स्वयंपाकघरात शीतकपाटाच्या दारावर चिकटवलेली आहे. चौदांपैकी नऊवर काट आहे. पंधराव्यापासून पुढची कलमे माझ्या हस्ताक्षरात नाहीत. किल्लीचे कलम मुलीने घातले. ते शोधकाम चालू आहे. कान तपासून घेण्याचे कलम कोणी लिहिले हे कोणी कबूल करीत नाही. शेवटचे कलम पत्नीच्या अक्षरात आहे: माळ्यावरचे चाळीस वर्षांचे दिवाळी अंक कोणाला द्यायचे ते ठरवणे. ते मी दिवाळीनंतर करीन असे सांगितले आहे. यंदाचे अजून वाचून व्हायचे आहेत.